चार डेसिबलचा माइक, चाळीस डेसिबलची खोली

नागपूरच्या लकडगंजातल्या घरात बसून आवाज रेकॉर्ड करण्याचा बेत कोणी बोलून दाखवला, तर पहिली हरकत शेजारची आरा मशीन घेते. ओंडका चढतो, पट्टा करवत फिरू लागते आणि लाकडात शिरताच तिचा सूर चिरका होतो. ती थांबली की ट्रकमधून फळ्या उतरल्याची धाडधाड, हमालांची हाकाटी, मागे येणाऱ्या टेम्पोची पिपाणी. जवळच सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर वाहनांची घरघर अखंड चालू असते आणि ११ डिसेंबर २०२२ पासून त्याच रस्त्यावर उंचावरून मेट्रोची अ‍ॅक्वा लाइनही धावते. तान्ह्या पोळ्याला काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली की पूर्व नागपूर दणाणून जाते, ते वेगळेच.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला साग लकडगंजच्या लाकूडबाजाराने पिढ्यान्‌पिढ्या चिरला आणि विकला. २०२३ मध्ये दिल्लीला नवे संसद भवन उभे राहिले, त्यातला सागही नागपूरहून गेला. लाकूड गेले, ते कापल्याचा आवाज तेवढा नागपूरकरांच्या वाट्याला राहिला.

अशा वस्तीतही आता माइकची पार्सले येतात. कारणे उघड आहेत. स्टोरीटेल ही स्वीडनची ऑडिओबुक कंपनी २०१७ च्या अखेरीस भारतात आली आणि मराठी पुस्तके वाचून दाखवणे हे मानधनाचे काम झाले. शिकवण्यांचे व्हिडिओ, मालिकांचे डबिंग, दुकानांच्या जाहिराती, फोनवर ऐकू येणाऱ्या सूचना, सगळ्यांना माणसाचा आवाज लागतो. दिवाळी सरली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम उभा राहतो. त्यांच्या प्रचाराच्या गाड्यांवर वाजणारा मजकूरही कोणीतरी कुठल्या तरी खोलीत बसून बोललेला असतो. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओत जाण्याची गरज उरलेली नाही. लॅपटॉप, माइक त्याला जोडणारा इंटरफेस आणि एक कंडेन्सर माइक एवढ्यावर काम भागते, असे सगळे सांगतात.

मग प्रश्न येतो: कोणता माइक? सीताबर्डीवरच्या दुकानात विचारा किंवा इंटरनेटवर शोधा, उत्तर आकड्यांत मिळते. या माइकचा स्वतःचा आवाज २० डेसिबल, त्याचा १२, अमक्याचा फक्त ४. आकडा जितका लहान तितका माइक शांत आणि बहुधा तितका महाग. घेणारा चार डेसिबलच्या माइकवर बोट ठेवतो, घरी आणतो, पहिले रेकॉर्डिंग ऐकतो आणि त्याला त्यात आपल्या आवाजाच्या मागे आख्खे लकडगंज ऐकू येते.

माइकात दोष नसतो. त्याने सांगितल्याप्रमाणे काम चोख केलेले असते.

पडदा, पत्रा आणि ४८ व्होल्ट

कंडेन्सर माइकची रचना ऐकायला साधी आहे. सोन्याचा अतिसूक्ष्म मुलामा दिलेला प्लॅस्टिकचा एक पडदा, काही मायक्रॉन जाडीचा. त्याच्या मागे अगदी थोडे अंतर सोडून बसवलेली धातूची तबकडी. दोहोंमध्ये विद्युतभार साठवलेला. आवाजाची लाट आली की पडदा हलतो, अंतर कमी-जास्त होते आणि त्या बदलातून विजेचा क्षीण संकेत तयार होतो. नेहमीच्या डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला तांब्याच्या तारेचे वेटोळे चिकटवलेले असते. ते वजन पडद्याला वाहावे लागते. कंडेन्सरच्या पडद्याला काहीच वाहायचे नसते. म्हणून तो ओठ विलग झाल्याची चुटकी टिपतो, श्वास टिपतो आणि तिसऱ्या घरातला मिक्सरही टिपतो.

अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ई. सी. वेन्टे यांनी १९१६ मध्ये ही युक्ती साधली. त्याच सुमाराला भारतात ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाला जोड म्हणून निरनिराळ्या प्रांतांतल्या बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या तयार होत होत्या. या सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला होता आणि त्यात वऱ्हाडी, नागपुरी यांची स्वतंत्र नोंद होती. बोलींची तुलना करता यावी म्हणून ठिकठिकाणच्या लोकांकडून बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट आपापल्या बोलीत सांगून घेतली जाई. त्या तबकड्यांसाठी विजेचा माइक वापरात नव्हताच. माणूस कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने बोले आणि आवाजाच्या जोरानेच सुई मेणावर खाच पाडी. विजेवरचे ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये सुरू झाले. कर्ण्याचे युग बहिरे होते. ओरडल्याशिवाय त्याला ऐकू जात नसे. बोलणाऱ्याच्या मागे गाडी गेली तरी तबकडीला पत्ता नसे. आजच्या माइकची अडचण नेमकी उलटी आहे.

पुढचा इतिहास जर्मनीत घडला. गेओर्ग नॉयमान यांनी बर्लिनमध्ये १९२८ साली कंपनी काढून बाटलीच्या आकाराचा सीएमव्ही ३ हा माइक बाजारात आणला. १९४९ मध्ये यू ४७ आला, १९६७ मध्ये यू ८७. डबिंगच्या जगात हे शेवटचे नाव आजही आदराने घेतले जाते. या माइकांना वीज लागते, पण ती आवाजाच्याच केबलमधून पाठवण्याची सोय १९६६ मध्ये नॉयमानने नॉर्वेच्या रेडिओसाठी केली. तिथे हिवाळ्यात दिवस जेमतेम उजाडतो. स्टुडिओंत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची तरतूद आधीच होती, म्हणून माइकही त्याच व्होल्टेजवर चालवायचे ठरले. आज आपल्या इंटरफेसवर ‘४८ व्ही’ असे लिहिलेले जे बटण असते, ते नॉर्वेच्या त्या अंधाऱ्या दुपारींचे देणे आहे.

हे बटण खरेदीच्या वेळी कामी येते. हजार-दीड हजारात ‘स्टुडिओ कंडेन्सर’ म्हणून विकले जाणारे बीएम-८०० सारखे माइक सोबत बारीक पिनची केबल देतात आणि थेट लॅपटॉपला जोडा म्हणतात. लॅपटॉपकडून मिळतात जेमतेम काही व्होल्ट. मग सूंऽऽ असा आवाज येतो आणि घेणारा कंडेन्सर जातीलाच नावे ठेवतो. एक्सएलआर केबल आणि ४८ व्होल्ट देणारा इंटरफेस हे माइकच्या किमतीतच धरायला हवेत.

हिशेब

आता त्या चार डेसिबलच्या आकड्याकडे येऊ. डेसिबलची बेरीज साध्या आकड्यांसारखी होत नाही. दोन सारखे आवाज एकत्र आले की बेरीज फक्त तीन डेसिबलने वाढते, आणि एक दुसऱ्यापेक्षा वीस डेसिबलने मोठा असेल तर लहान आवाज हिशेबातून जवळजवळ नाहीसा होतो.

खोलीत शांत बसल्यावर उरणारा आवाज ४० डेसिबल आहे असे धरा. पंखा बंद, खिडकी बंद, रस्ता चालू अशा शहरी खोलीत एवढा सहज असतो. तिथे २० डेसिबलचा माइक लावला तर एकूण आवाज होतो ४०.०४. चार डेसिबलचा लावला तर ४०.००. दुप्पट-तिप्पट पैसे देऊन मिळालेला फरक डेसिबलच्या पंचविसाव्या भागाएवढा. कुठल्याही कानाला तो कळणार नाही.

खोली २० डेसिबलपर्यंत शांत झाली की चित्र बदलते. तिथे पहिला माइक एकूण आवाज २३ वर नेतो, दुसरा २०.१ वर ठेवतो. फरक तीन डेसिबलचा, हेडफोनवर ओळखू येण्याजोगा. थोडक्यात, शांत माइकचे पैसे शांत खोलीतच वसूल होतात.

मग खोली किती शांत हवी? ऑडिओबुकच्या जगात ॲमेझॉनच्या एसीएक्स या व्यासपीठाचे निकष सर्वांना ठाऊक आहेत. वाचनाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, सर्वांत मोठे टोक उणे ३ च्या आत, आणि न बोलतानाचा आवाज उणे ६० किंवा त्याहून खाली. म्हणजे बोलणे आणि शांतता यांत साधारण चाळीस डेसिबलचे अंतर हवे. नेहमीच्या संभाषणाचा आवाज एक मीटरवर सुमारे ६० डेसिबल भरतो. माइक वीस सेंटीमीटरवर, म्हणजे हाताच्या एका वितीवर आणला की तो ७४ होतो. त्यातून ४० वजा केले की उरतात ३४. वितीच्या अंतरावर बोलणाऱ्याची खोली ३४ डेसिबलच्या आत हवी.

आता हे लकडगंजाला लावून पाहू. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. व्यापारी भागात ६५ आणि ५५. ही वस्ती दोन्हींचे मिश्रण. व्यापारी मर्यादा पाळली जाते असे धरले आणि साधी बंद खिडकी वीसेक डेसिबल अडवते असे मानले, तरी रस्त्याकडच्या खोलीत दिवसा ४५ उरतात. पाहिजेत ३४. अकरा डेसिबलची तूट कुठलाही माइक भरून काढत नाही. रात्री दहानंतर मात्र तोच हिशेब ३५ वर येतो. आरा मशीन बंद, बाजार बंद, आणि दहा डेसिबल फुकटात हातात. घरून काम करणारे अनेक वाचक रात्री किंवा पहाटे रेकॉर्ड करतात, त्याच्या मुळाशी हीच वजाबाकी आहे.

दुसरी फुकटची सवलत अंतराची. माइकपासूनचे अंतर निम्मे केले की आवाज सहा डेसिबलने वाढतो, खोलीचा आवाज मात्र आहे तिथेच राहतो. चाळीस सेंटीमीटरवरून वीसवर येणे ही एवढी मोठी कमाई आहे, आणि ती विकत घ्यावी लागत नाही. मात्र दहा सेंटीमीटरच्या आत शिरले की एका दिशेने ऐकणारे माइक खर्ज फुगवू लागतात. रेडिओवरचा भारदस्त आवाज थोडाफार या फुगवट्याचाच असतो. पण दहा तासांच्या कादंबरीत तो श्रोत्याला जड होतो.

माल लकडगंजातलाच

नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. रेडिओ केंद्राच्या जुन्या धाटणीच्या स्टुडिओत शिरताना दोन जाड दारे आणि मध्ये एक लहानशी कोंदट जागा लागते. पहिले दार बंद झाल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, ही शिस्त. भिंतींना कापडाआडून मऊ थर, छताला सच्छिद्र पाट्या. संस्थांनी आधी खोली बांधली, मग तिच्यात माइक ठेवला. घरचा कलाकार उलट्या क्रमाने जातो, कारण माइक पार्सलने येतो आणि खोली येत नाही.

खोलीचे प्रश्न दोन, आणि ते एकमेकांत मिसळू नयेत. बाहेरचा आवाज आत येणे हा एक. आतला आवाज भिंतींवरून परतणे हा दुसरा. पहिल्याला वजन लागते आणि फटी बुजवाव्या लागतात. दाराखालची बोटभर फट राहिली तर जाड दारही वाया. दाराच्या चौकटीला रबराची पट्टी, खिडकीवर आतून बसणारी जाड प्लायची झडप, तिच्या कडांना फोम. एवढ्याने बराच फरक पडतो. रस्त्याकडची खोली सोडून मधली, कपाटांची खोली निवडली तर त्याहून जास्त.

दुसऱ्या प्रश्नाला मऊपणा आणि जाडी लागते. भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा इंचभर फोम चिकटवणारे पुष्कळ आहेत. त्याने टाळीचा टणत्कार मरतो. पुरुषी आवाजातला घुमारा तसाच राहतो. शंभर हर्ट्झच्या स्वराची एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, तिला इंचभर फोम दिसतही नाही. त्यासाठी दोन ते चार इंच जाडीची रॉकवूल लागते, आणि ती भिंतीपासून तेवढेच अंतर सोडून बसवली तर खालच्या स्वरांवरही पकड येते. दहा बाय दहाची आणि दहा फूट उंचीची खोली सर्वांत वाईट, कारण तिन्ही दिशांना एकच खर्ज घुमतो.

इथे मात्र लकडगंजाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. चौकटींना लागणाऱ्या बॅटन हव्या त्या मापाने कापून मिळतात. सुताराला दोन बाय चार फुटांची उथळ चौकट सांगायची, आत रॉकवूल भरायची, वरून गोणपाट किंवा सुती कापड ताणून मारायचे. कापडाला एकच परीक्षा: ओठाला लावून फुंकर मारली की हवा आरपार गेली पाहिजे. रेक्झिन लावले तर सगळा खर्च पाण्यात. रॉकवूलचे तंतू उघडे राहू नयेत, भरताना तोंडाला रुमाल आणि हातात मोजे हवेत. अशा सहा-आठ चौकटी आणि पाठीमागे एक कापसाची जाड रजई, एवढ्यावर साधी खोली वाचनाजोगी होते. ज्या आरा मशीनने दिवसा काम बंद पाडले, तिनेच कापलेल्या लाकडावर स्टुडिओ उभा राहतो.

मांडणीतही एक मख्खी आहे. बहुतेक माइक समोरचे ऐकतात आणि बरोबर पाठीमागचे सर्वांत कमी ऐकतात. म्हणून माइकची पाठ खिडकीकडे करायची आणि आपण खिडकीकडे तोंड करून बसायचे. असे बसले की आपल्या पाठीमागची भिंत माइकच्या थेट समोर येते. रजई तिथेच लावायची असते. पुष्कळांनी ती माइकच्या मागे लावलेली दिसते, जिथे तिचा उपयोग सर्वांत कमी.

भाकर, चूल, डोळा

माइकची परीक्षणे बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांनी केलेली असतात. मराठीच्या तोंडातून निघणारी हवा वेगळी. आपल्याकडे ख, घ, थ, ध, फ, भ अशी महाप्राणांची रांगच आहे. शिवाय म्ह, न्ह, व्ह. ‘भाकर’, ‘फणस’, ‘धडधड’ म्हणताना हवेचा झोत थेट पडद्यावर आदळतो आणि रेकॉर्डिंगमध्ये धप्प असा ठोका उमटतो. पॉप फिल्टर माइकपासून चार बोटांवर ठेवला आणि माइक तोंडाच्या रेषेतून थोडा बाजूला घेऊन तिरका वळवला, तर झोत बाजूने निघून जातो आणि आवाज तेवढा पोचतो. माइक आडवा-तिरका करणे हे विकतच्या कुठल्याही जोडणीपेक्षा जास्त कामाला येते.

दुसरी परीक्षा दंत्य च-ज-झ यांची. ‘चूल’, ‘चाक’, ‘जोडा’, ‘झाड’ यांतला घर्षणाचा अंश आणि ‘स’ची शीळ साधारण पाच ते दहा हजार हर्ट्झमध्ये राहते. पुष्कळ माइक नेमका हाच पट्टा उचलून देतात, कारण दुकानात ऐकताना तो ‘क्लिअर’ वाटतो. नॉयमानच्या टीएलएम १०३ सारख्या नामांकित माइकमध्येही पाच हजार हर्ट्झच्या पुढे सुमारे चार डेसिबलचा उठाव मुद्दाम ठेवलेला आहे. घोगऱ्या, जाड आवाजाला तो उजळवतो. आधीच धारदार असलेल्या आवाजात मात्र प्रत्येक ‘चमचा’ टोचायला लागतो. म्हणून सर्वांत चांगला माइक असा नसतो. एका गळ्याला मानवणारा असतो.

तिसरी परीक्षा ‘ळ’ची, आणि विदर्भात ती जास्त मोलाची. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘काळा’चा ‘काया’. बोलीतली कथा वाचणाऱ्याला हा फरक श्रोत्यापर्यंत स्वच्छ पोचवावा लागतो. ‘ळ’ची ओळख पटवणाऱ्या खुणा दोन-अडीच हजार हर्ट्झच्या आसपास, मधल्या पट्ट्यात असतात. तो पट्टा साधारण माइकही नीट टिपतो. त्याला मारक ठरतो तो खोलीचा प्रतिध्वनी. एका अक्षराची शेपूट दुसऱ्यावर सांडली की ‘ळ’ आणि ‘य’ एकमेकांत मिसळतात. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी अलीकडे मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण हाती घेतले, त्यात गावोगावच्या बोलणाऱ्यांचे ध्वनिमुद्रण आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या कर्ण्यासमोरचे बोलणे आणि आजचे अंगणातले बोलणे यांत सर्वांत मोठी सुधारणा हीच की आता सांगणाऱ्याला ओरडावे लागत नाही.

माइक निवडायला जाताना म्हणून स्वतःचा एक परिच्छेद लिहून न्यावा. त्यात वरचे सगळे वर्ण यावेत. आधी अर्धा मिनिट काहीही न बोलता रेकॉर्ड करावे, मग तोच परिच्छेद तीन अंतरांवरून वाचावा. दोन माइकांची तुलना करताना दोन्हींची पातळी सारखी करून ऐकावे, कारण थोडासा मोठा वाजणारा माइक कानाला नेहमीच सरस वाटतो, आणि ही गोष्ट विकणाऱ्याला ठाऊक असते.

अष्टपैलू म्हणजे किती पैलूंचा?

खोक्यावर ‘अष्टपैलू’ लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ तीन खटक्यांत असतो. ऐकण्याच्या दिशा बदलणारा, मोठा आवाज कमी करून घेणारा आणि खालची घरघर कापणारा. या तिन्हींची किंमत तुमच्या कामावर ठरते.

जो फक्त वाचतो, त्याला दिशा बदलायची नसते. एका दिशेने ऐकणारा साधा माइक त्याला आयुष्यभर पुरतो. ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० हा या वर्गातला पायरीचा दगड. त्याचा स्वतःचा आवाज २० डेसिबल, आणि वर पाहिल्याप्रमाणे नेहमीच्या खोलीत तो आड येत नाही. त्याच घराण्यातला एटी२०३५ हा १२ डेसिबलचा, शिवाय त्यात घरघर कापण्याचा खटकाही आहे. रस्त्याजवळ राहणाऱ्याला तो खटका उपयोगी, कारण ट्रक आणि पंख्याची घरघर बरीचशी ८० हर्ट्झच्या खाली असते आणि तिथे माणसाच्या आवाजाचे फारसे काही राहत नाही. ऑस्ट्रेलियाच्या रोडे कंपनीचा पाचव्या पिढीचा एनटी१ हा चार डेसिबलचा. एक्सएलआर आणि यूएसबी अशा दोन्ही वाटा त्यात आहेत, स्वरही फारसा उचललेला नाही. खोली तयार असेल तर मराठी वाचनासाठी माझे मत त्याच्या बाजूने पडेल. यू ८७ घेणाऱ्यांनी एक गंमत ध्यानात ठेवावी: लाखांच्या त्या माइकचा स्वतःचा आवाज १२ डेसिबल आहे. लोक त्याला त्याच्या स्वरासाठी पैसे देतात, शांततेसाठी देत नाहीत.

ज्याला दोन माणसे समोरासमोर बसवून बोलते करायचे आहे, त्याची गोष्ट वेगळी. आजी सांगते आहे आणि नातू विचारतो आहे, अशा बैठकीला आठच्या आकड्यासारखा ऐकणारा माइक मध्ये ठेवला की पुढचा आणि मागचा दोन्ही आवाज सारखे येतात, आणि दोन्ही बाजू बहिऱ्या राहतात. त्या बहिऱ्या बाजूंपैकी एक खिडकीकडे करता येते. रोडेचा एनटी२-ए तीन दिशा-प्रकार देतो, एकेजीचा सी ४१४ नऊ.

तिसरे काम गाण्याचे. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेत खंजिरीवरचे भजन घराघरांत आहे. खंजिरीची थाप आणि झांजांचा छणत्कार जवळून घेताना माइकची सहनशक्ती लागते आणि मोठा आवाज कमी करणारा खटका खरोखर कामी येतो. वाचन, मुलाखत आणि भजन ही तिन्ही कामे एकाच माइकवर करणाऱ्यासाठी बहुदिशा माइक हा खर्च योग्य. वाचणाऱ्यासाठी ते खटके वर्षानुवर्षे एकाच जागी राहतील.

आणि ज्याची खोली सुधारण्याजोगीच नाही? भाड्याचे घर, खाली आरा मशीन, वर पत्रे. त्याने कंडेन्सर घेऊ नये. शुअरच्या एसएम७बी सारखा डायनॅमिक माइक तोंडाशी धरून बोलावे. दूरचा आवाज त्यालाही ऐकू येतो, पण त्याला चिकटून बोलता येते, आणि अंतराचा फायदा इथे सगळा पदरात पडतो. त्याचा संकेत क्षीण असतो, म्हणून इंटरफेस दमदार हवा. अमेरिकेतल्या जाहिरातींच्या आवाजांत सेनहायझरच्या एमकेएच ४१६ या लांबट माइकची ख्याती आहे. तो दमट हवेला दाद देत नाही, कारण त्याचे सर्किट उच्च वारंवारितेवर चालते. मात्र लहान, घुमणाऱ्या खोलीत त्याची लांब नळी प्रतिध्वनीपुढे फारशी चालत नाही.

भुसा, कूलर, पाऊस

विद्युतभार असलेला पडदा धूळ ओढून घेतो. लकडगंजात हवेत लाकडाचा भुसा तरंगतो. माइक रात्रभर स्टँडवर उघडा राहिला तर जाळीतून तो आत शिरतो. काम संपले की माइक काढून डब्यात ठेवावा, निदान त्यावर पिशवी तरी घालावी. पडद्यावर फुंकर मारू नये, कापड फिरवू नये; ते काम जाणकाराचे.

नागपूरचा उन्हाळा हा स्वतंत्र अध्याय आहे. पारा ४५ च्या पुढे गेल्यावर कूलरशिवाय बसवत नाही आणि कूलर लावला तर बोलवत नाही. त्याचा आवाज पन्नास डेसिबलच्या वर सहज जातो, शिवाय तो खोलीत ओल भरतो. वाट एकच: कूलर लावून खोली गार करायची, बंद करायचा, पंधरा-वीस मिनिटे रेकॉर्ड करायचे, पुन्हा लावायचा. पुस्तकाची प्रकरणे तशी पाडून घेतली की त्रास कमी वाटतो. जुलैपासून दमट हवेने पडद्याजवळचा भार गळू लागला तर माइक तडतडतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या आणि त्यांचा रंग बदलला की सुकवल्या, एवढ्याने पावसाळा निभावतो. वायरिंगला नीट अर्थिंग नसेल तर ५० हर्ट्झची गुणगुण येते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर काम करून पाहावे. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

पैशांचा क्रम

पन्नास हजार रुपये हाताशी असलेल्या माणसाने ते कसे वाटावेत? प्रथम एक पैसाही न खर्चता खोलीतला आवाज दिवसा, संध्याकाळी आणि रात्री मोजावा. मोबाइलवरचे मीटर ढोबळ असते, पण तीन वेळांमधला फरक ते बरोबर दाखवते. त्यावरून कामाची वेळ ठरते. मग दाराच्या फटी, खिडकीची झडप आणि रॉकवूलच्या चौकटी यांवर वीस हजार. दहा-बारा हजार इंटरफेस आणि बंद हेडफोनवर. स्टँड, केबल, शॉक माउंट आणि पॉप फिल्टर यांना चार-पाच. उरलेल्या तेरा ते सोळा हजारांत एटी२०२० किंवा एटी२०३५ बसतो, आणि त्याच्यावर पहिली दोन-तीन पुस्तके निर्धास्त वाचता येतात.

चार डेसिबलचा माइक त्यानंतर घ्यावा, जेव्हा रात्रीच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येणारा सूं आवाज खोलीचा नसून माइकचा आहे हे सिद्ध होईल. ते सिद्ध करणे अवघड नाही. कपाटातल्या कपड्यांमध्ये माइक ठेवून, दार लावून, तोच गेन ठेवून अर्धा मिनिट रेकॉर्ड करायचे. तो आवाज तेवढाच राहिला तर माइक बदला. कमी झाला तर पुढचे पैसेही सुतारालाच द्या.